जानोशातलं पाणी

माझ्या खिडकीसमोर एक अनोळखी माणूस उजवा हात वर करून उभा होता.

१९७७ सालचा एप्रिल. दुपारचे दोन वाजले असतील. त्या वेळी आर्वीत बाहेर कोणी दिसत नसे. रस्ता नुसता पांढरा पडलेला असायचा. मी खिडकीशी बसून सहावीचे पेपर तपासत होते. त्या माणसाच्या वर केलेल्या हातात ओला रुमाल होता आणि नजर सरळ माझ्या खिडकीवर. एक पेपर तपासून झाला, दुसरा झाला... तो हलला नाही. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, केस बारीक कापलेले, आणि उभं राहणं असं की कोणी हुकूम दिल्याशिवाय तो तिथून जाणार नाही.

मी उठले आणि गज धरून विचारलं,

"काय पाहून राह्यले जी?"

"वारा," तो म्हणाला.

"वारा दिसते काय?"

"दिसत नाई. रुमालावर समजते. तुमच्या खिडकीत दुपारभर पश्चिमेचा वारा येते. लई गरम होत असंन."

"होते. मंग?"

"मंग काई नाई. चांगली खिडकी आहे."

मी खिडकी लावून घेतली. लावल्यावर फटीतून पाहिलं. त्यानं खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं, चार पावलं पुढे गेला आणि शेजारच्या लीलाबाईंच्या खिडकीसमोर तसाच, तितक्याच मन लावून उभा राहिला. लीलाबाई आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, वय पंचावन्न. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं.

संध्याकाळी लीलाबाईंनीच माहिती दिली. त्याचं नाव लक्ष्मण. सतराव्या वर्षी नौदलात गेला, पंधरा वर्षं जहाजांवर काढली आणि आता परत येऊन यष्टी डेपोसमोर दुकान टाकलं. दुकानात इस्त्र्या, टेबलफॅन, मिक्सर. मागच्या अंगणात नत्थूजी टिनवाल्यांना हाताशी धरून तो स्वतः कूलर बनवत होता. गावातल्या कोणत्या खिडकीला कोणत्या बाजूचा वारा लागतो, ते आधी लिहून काढत होता. दुकानाला नाव दिलं होतं 'सागर इलेक्ट्रिक'. आर्वीपासून समुद्र किती लांब, ते मी भूगोलात शिकवत असे. त्याचे कूलर जहाजासारखे करड्या रंगाचे असत आणि प्रत्येकावर नंबर टाकलेला असे. गाव त्याला जहाजवाले म्हणू लागलं होतं.

आठवडाभरानं आमची इस्त्री जळाली. ती आपोआप जळाली, हे मी तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगते.

दुकानात तो एकटा होता. त्यानं इस्त्री घेतली, भिंतीवरचं मोठं बटन बंद केलं आणि त्यावर एक पुठ्ठ्याची पाटी टांगली. 'माणूस काम करत आहे. बटन दाबू नये.'

"दुकानात तुमच्याशिवाय कोणी नाई," मी म्हटलं. "बटन कोण दाबंन?"

"तुम्ही आहा ना."

"मी काऊन दाबीन?"

"आता नाई दाबणार. पाटी वाचली तुम्ही."

त्यानं इस्त्री उघडली. बोटं जाड, पण स्क्रू असे काढले की एकही खाली पडला नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू एका चौकोनी डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

"झाकण कशाले?"

"जहाज हललं त सांडतात."

"आर्वी हलत नाई."

"हो," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. "ते ध्यानात राहात नाई. उद्या चौदाशेला या, इस्त्री तयार राहील."

"चौदाशे?"

"दोन वाजता."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं. "चौदाशे पाच. मास्तरीणबाई पाच मिनिटं लेट."

"शाळेत मी पोरींले दहा मिनिटं माफ करणारी बाई आहे."

"म्हणूनच पोरी लेट येत असतीन."

असं बोलणं माझ्याशी कोणी करत नसे. मी सत्तावीस वर्षांची होते. आधी बी.ए., मग बी.एड., मग नोकरी, यात वर्षं गेली होती. मला पाहायला तीन पाहुणे येऊन गेले होते; एकाला काळी वाटले, एकाला शिकलेली वाटले आणि एक मला आवडला नाही. घरात आता माझ्या लग्नाचं नाव कोणी काढत नव्हतं. धाकट्या बहिणीचं, जयवंताचं, लग्न ठरलं होतं, मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

त्यानंतर आमचा टेबलफॅन बिघडला, मग लीलाबाईंचा, मग शाळेची घंटा. घंटा विजेची नव्हती. तरी मी त्याला विचारायला गेले. तोही सगळं काम टाकून ती पाहायला आला आणि दोरी बदलून गेला.

एकदा मी विचारलं, "पंधरा वर्षं जग पाहिलं. मंग इथं काऊन आले?"

तो एका पंख्याचं पातं पुसत होता. पुसतच राहिला.

"जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी, इतकी गर्मी असते का माणूस उभा राहू शकत नाई. तिथं पंख्यानं हवा पोचवतात. ते पंखे माह्याकडं होते. दोनशे माणसाईले मी हवा पोचवत होतो..." त्यानं पातं उलटं केलं. "बाहत्तरच्या मे महिन्यात माही माय गेली. इथंच, घरात. उन्हाची लू लागली. ओला पदर तोंडावर घेऊन निजली होती म्हणे. मले पत्र भेटलं वीस दिवसांनी. मी तेव्हा बी पंखेच तपासून राह्यलो होतो."

त्यानं पातं बसवलं, बटन दाबलं आणि पंख्याची हवा माझ्याकडे वळवली.

मागणी घालायला आले ते नत्थूजी. त्यांनी आमच्या घरच्या धान्याच्या टिनाच्या कोठ्या बनवल्या होत्या, त्यामुळे त्यांना स्वयंपाकघरापर्यंत येणं-जाणं होतं. माझे वडील, रूपराव, ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसले होते. मी दाराआड.

"रूपरावजी, मोठीचं काय?" नत्थूजी म्हणाले. "आमचा जहाजवाला पाहा ना. आपल्यातलाच आहे. दारू नाई, बिडी नाई. दोरीले गाठ मारली तरी टोक कापून मारते, इतका टापटीप."

बाबांनी सुपारी कातरली. "पोरगा वाईट नाई. पण सरकारची नोकरी सोडून टिनाचे डबे विकून राह्यला. कूलर चालते चार महिने. बाकी आठ महिने माही पोरगी काय खाईन?"

"इस्त्र्या आहेत, मिक्सर आहेत."

"आर्वीत मिक्सर कोण घेते? पाटा-वरवंटा मेला काय सगळ्याईचा? पेन्शन आहे म्हणाल, त ती केवढीशी. मी आयकलं, त्याले मुंबईच्या गोदीतून पत्र आलं. ती नोकरी धरू दे. ज्या दिवशी धरंन त्या दिवशी मी लगन लावून देतो. नाई त नाव काढू नका."

पत्र खरंच आलं होतं. माजी नौसैनिकांसाठी जागा होती, कायमची, क्वार्टरसकट. दुसऱ्या दिवशी त्यानं ते माझ्यासमोर ठेवलं.

"एकतीस मेच्या आत उत्तर द्यायचं आहे."

"तुमाले जायचं आहे काय?"

"मले समुद्र पुरला. पण तुमचे बाबा म्हणतात ते बी खोटं नाई. चार महिन्यांचाच धंदा आहे सध्या." त्यानं पत्राची घडी नीट केली. "तुम्ही म्हणाल तर जातो, बाई. तुम्ही म्हणाल तर राहतो."

साठ मुलींच्या वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात असे. त्या दिवशी निघाला नाही. जा म्हटलं तर लग्न होणार होतं, आणि हा माणूस गोदीत बसून आर्वीच्या खिडक्या आठवत राहणार होता. राहा म्हटलं तर तो राहणार होता आणि मी बाबांच्या घरात.

"सुचलं की सांगा," तो म्हणाला. "मी थांबतो."

"कुठवर?"

"एकतीसपर्यंत."

जयवंताच्या लग्नाची वरात सेलू तालुक्यातून येणार होती. वऱ्हाड्यांना उतरवायची जागा, म्हणजे जानोसा, आमच्या शाळेत केला होता. सुटीमुळे वर्ग रिकामे होते. जानोशात पाहुण्यांचं कसं झालं यावर पुढे वीस वर्षं मुलीला सासरी ऐकावं लागतं, म्हणून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी बाबांना म्हटलं, दोन कूलर लावू. कोणाच्या जानोशात तोवर कूलर नव्हता. बाबा नको म्हणत होते. आई हो म्हणाली, मग तेही गप्प बसले.

लक्ष्मणनं पहाटेच कूलर आणून बसवले. सातवीच्या वर्गाला एक, आठवीच्याला एक. कूलर बाहेर व्हरांड्यात, तोंड खिडकीतून आत. कूलरला तिन्ही बाजूंनी नव्या वाळ्याच्या ताट्या. खाली पाण्याची टाकी आणि टाकीला पितळेची तोटी. गावातल्या इतर कूलरांना तोटी नसे. लोक मगानं पाणी उपसत. जहाजावर प्रत्येक टाकीला निचऱ्याची तोटी असते, म्हणून यानं ती लावली होती.

वरात बारा वाजता ट्रकमधून उतरली. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. मी सरबताचे ग्लास घेऊन शाळेत गेले, तर व्हरांड्यात रांग लागलेली. नवरदेवाचे मामा तोटीखाली लोटा धरून उभे होते.

आमच्याकडे उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात. वाळ्याचा वास आला की माणसाला प्यायचं पाणीच आठवतं. थंड टाकी, वाळ्याचा वास, आणि त्यात पितळेची तोटी. त्यांची काही चूक नव्हती.

"वा, रूपरावजीनं पाण्याची व्यवस्था केली," मामा म्हणत होते. "असं पाणी आपल्या गावात नाई." आणि लोटा मागच्याला देत होते. अर्धी वरात पिऊन झाली होती.

माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला. आणि तेवढ्यात, टाकी इतक्या लवकर कशी उतरते हे पाहायला लक्ष्मण आला.

तो रांगेकडे पाहत एक क्षण थांबला. गप्प राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं. दोन तासांत वरात मांडवात गेली असती.

"मामाजी," तो म्हणाला, "हे पाणी प्यायचं नाई. हे कूलरचं आहे."

मामांनी तोंडातलं पाणी थुंकलं. मग बायकांच्या खोलीतून रुख्माबाई बाहेर आल्या. या नवरदेवाच्या आत्या. लग्न यांनीच जमवलं होतं आणि मोडूही याच शकत होत्या.

"म्हणजे आमाले मशीनचं पाणी पाजलं," त्या सावकाश म्हणाल्या. "बोलवा पोरीच्या बापाले. तो येईपर्यंत नवरदेव मांडवात येणार नाई."

बाबा धावत आले. टोपी हातात. सगळं कळल्यावर ते आधी लक्ष्मणकडेच वळले आणि दात आवळून म्हणाले, "काऊन सांगितलं? गप राहता आलं नाई?"

"नाई आलं," लक्ष्मण म्हणाला. "जहाजावर प्यायच्या पाण्यात दुसरं पाणी गेलं, त ज्याच्या ध्यानात येते त्यानं त्याच घडीले सांगायचं असते. मंग शिक्षा झाली तरी." मग तो रुख्माबाईंकडे वळला. "टाकी नवी आहे, आत्याबाई. वाळा धुतलेला आहे. पाणी याच शाळेच्या विहिरीचं, तुमच्या रांजणात आहे तेच. पहाटे मी स्वतः भरलं. पण प्यायचं म्हणून नाई भरलं, म्हणून सांगितलं. तोटी मी लावली. चूक माही आहे, रूपरावजींची नाई."

"चांगलं आहे म्हणतो, त तू पी."

त्यानं मामांच्या हातून लोटा घेतला, तोटीखाली धरला, भरला आणि प्यायला लागला. अर्धा झाल्यावर रुख्माबाईंनी हात वर केला.

"राहू दे. तू त विकणारा. तू पिशीनच. पोरीच्या घरचं कोणी पिऊन दाखवा."

बाबा पुढे व्हायला लागले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, या माणसानं आज वाकू नये. मी ट्रे कट्ट्यावर ठेवला, लक्ष्मणच्या हातून तो लोटा घेतला आणि उरलेलं सगळं पाणी प्यायले.

पाणी खरंच चांगलं होतं.

लोटा खाली केला तेव्हा सगळी वरात माझ्याकडेच पाहत होती. मला वाटलं, माझ्यावर विश्वास बसला नाही कोणाचा. मग बाबांच्या मागोमाग आलेली आई दिसली, पदर तोंडाला लावून उभी. तेव्हा मला समजलं मी काय केलं ते. तोटी समोर होती; मी लोटा विसळून दुसरं पाणी घेऊ शकले असते. मी त्याचं उष्टं प्यायले होते. आमच्याकडे पुरुषाचं उष्टं पाणी फक्त त्याची बायको पिते. आणि हे मी दीडशे वऱ्हाड्यांसमोर, बापासमोर केलं होतं.

लक्ष्मण माझ्याकडे पाहत होता. पंधरा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला होता.

रुख्माबाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"अवं बाई," त्या म्हणाल्या, "हे त दुसरंच लगन निघालं."

आधी मामा हसले. मग सगळी वरात. एक म्हातारा म्हणाला, "मंग हेच मशीनचं पाणी आमच्या नारायणले बी पाजा, त्याचं बी जमू दे." रुख्माबाईंनी पदर खोचला आणि बाबांना म्हणाल्या, "चला रूपरावजी, मुहूर्त टळून राह्यला. एका पोरीचं त आटोपा."

जयवंताचं लग्न वेळेवर लागलं. बाबा मात्र माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना, ताटाकडे पाहत म्हणाले,

"गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाई. आता त्याले सांग, गोदीची नोकरी धर म्हणा."

"नाई सांगत, बाबा."

"काऊन?"

इतके दिवस न निघालेला आवाज तेव्हा निघाला. "कूलर चार महिने चालते म्हणता ना तुम्ही? माहा पगार बारा महिने येते. आठ महिने मी पाहीन. अन् कूलरचा सीझन असते मे महिन्यात, तेव्हा मले शाळेची सुटीच असते. मी दुकानात बसीन."

"म्हणजे तू जावई पोसशीन?"

"आळीपाळीनं. उन्हाळ्यात तो मले, बाकी मी त्याले."

आई पोळी वाढता वाढता हसली आणि तिनं ते लपवलंही नाही. बाबांनी घास घेतला, पाणी प्यायले, आणखी एक घास घेतला.

"पोरगा खरं बोलते," ते शेवटी म्हणाले. "माह्या इज्जतीवर पाणी फिरत होतं तरी खोटं बोलला नाई. दुकानदार म्हणून कसा टिकंन, देव जाणे."

तो टिकला. ऐंशीनंतर आर्वीत मिक्सर घेणाऱ्या बायका निघाल्या, आणि मिक्सर कसा लावायचा हे शिकवायला मीच घरोघर जात असे. मग फ्रिज आले. मग टीव्ही आले, तेव्हा दुकानातल्या टीव्हीसमोरची पहिली खुर्ची बाबांची होती आणि तिथून ते गिऱ्हाइकांना भाव सांगत. सत्त्याऐंशीला जिल्ह्याच्या गावाला लागून, सिंदी मेघेत, दुसरं दुकान झालं. आमच्या प्रत्येक कूलरला पितळेची तोटी असे आणि तोटीच्या वर लाल अक्षरांत लिहिलेलं असे, 'हे पाणी पिऊ नये'. ती अक्षरं पहिली काही वर्षं मीच रंगवत होते.

पण हे पुढचं. त्या दिवशी, ताट उचलायच्याही आधी, मी चपला घालून यष्टी डेपोकडे निघाले. ऊन अजून उतरलं नव्हतं.

लक्ष्मण कूलरच्या पत्र्याला रंग देत होता. मला पाहून उभा राहिला. जानोशानंतर आम्ही भेटलो नव्हतो. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं, हातोडी ठेवली आणि चहा प्यायला जातो म्हणून निघून गेले.

"पत्राचं उत्तर धाडलं काय?" मी विचारलं.

"आज अठरा तारीख. एकतीसपर्यंत थांबतो म्हटलं होतं."

"कागद द्या. उत्तर मी लिहिते." मी म्हटलं. "तुम्ही फक्त सही करा."

त्यानं पावतीपुस्तकाखालून कोरा कागद काढला. मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. आभारी आहे, घरगुती कारणामुळे नोकरी स्वीकारू शकत नाही. त्यानं वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"घरगुती कारण म्हणजे?"

"म्हणजे मी."

त्यानं त्या शब्दावरचं बोट उचललं. मग त्यानं सही केली, पूर्ण नावाची, खाली तारीख घालून. कागदाला रंगाचा करडा ठिपका लागला. तो तसाच गेला मुंबईला.

"बाबा?" त्यानं विचारलं.

"नाई म्हटलं नाई."

"मंग कधी करायचं?"

"तुम्ही सांगा."

तो विचारात पडला. खरोखरीच पडला, कपाळाला आठ्या. "मे महिन्यात मले टाइम नाई," तो म्हणाला. "बावीस कूलर द्यायचे आहेत. मृग लागेपर्यंत दुकान सोडता येत नाई."

स्वतःच्या लग्नाला वेळ नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मी हसू दाबलं आणि वर्गात वापरते तो आवाज काढला. "मले बी सव्वीस जूनपासून टाइम नाई. शाळा उघडते."

त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर आडवं ठेवलं. आम्ही दोघं त्यावर वाकलो. त्याचं एक बोट आठ जूनवर, म्हणजे मृगावर, माझं एक बोट पंचवीसवर.

"अठरा दिवस आहेत मधे," तो म्हणाला.

"पुरतात," मी म्हटलं.